कोंडलेल्या हवेचा उद्योग: उष्णतारोधक साहित्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांत कारखानदार, विक्रेते, ठेकेदार, वास्तुरचनाकार असे सगळेच आहेत. उत्तरांत एक आकडा वारंवार येईल, तो आधी समजून घेऊ: उष्णतावाहकता, म्हणजे या धंद्यातला ‘लॅम्डा’. त्याचे एकक वॅट प्रति मीटर-केल्विन. आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी सुटते. स्थिर हवेचा लॅम्डा साधारण ०.०२५, पाण्याचा ०.६, विटेच्या भिंतीचा ०.७ च्या आसपास आणि काँक्रीटचा दीड-दोन. थर्माकोल (फुगवलेल्या पॉलिस्टायरिन मण्यांचा माल) असो, ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) असो की पफ (पॉलियुरेथेनचा फेस), प्रत्येकात हवा किंवा एखादा वायू बारीक कप्प्यांत कोंडलेला असतो. कोंडायची रीत तेवढी निराळी.

प्रश्न: इमारतींच्या इन्सुलेशनचा माल बनवणारा कारखाना काढायचा विचार आहे. थर्माकोल, एक्सपीएस (यंत्रातून सलग दाबून काढलेला पॉलिस्टायरिनचा फेस), पीआयआर (पफच्याच जातीचा फेस) की रॉकवूल (वितळवलेल्या दगडाच्या तंतूंची लोकर), कशात पडावे?

उत्तर: यंत्रांच्या किमतीआधी ट्रकचा हिशेब करा. या मालात ९५ टक्क्यांहून जास्त हवा किंवा वायू असतो आणि वाहतुकीचे भाडे त्या हवेलाही मोजावे लागते. ८० घनमीटरच्या ट्रकमध्ये घनमीटरला १६ किलो घनतेचा थर्माकोल भरला, तर माल होतो अवघा १,२८० किलो. ट्रक काठोकाठ भरलेला, पण वजनाने जवळजवळ रिकामा. उलट न फुगवलेले मणी, ज्यांना बीड्स म्हणतात, ते घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास बसतात. म्हणून मणी दूरच्या मोठ्या रसायन कारखान्यातून येतात आणि ते फुगवण्याचे काम बाजारपेठेजवळच्या लहान कारखान्यात होते. पीआयआरचेही तेच. पॉलिऑल आणि एमडीआय ही एकत्र आली की फेस होणारी दोन्ही रसायने द्रवरूपात लांबून आणता येतात, फेस मात्र गिऱ्हाइकाजवळच फुलवलेला परवडतो. एमडीआय बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. त्यांतला एक मोठा कारखाना दुरुस्तीसाठी बंद पडला तरी भाव उसळतात. वर्षभराच्या पॅनेलच्या ऑर्डरी आजच्या रसायन दरावर बांधून घेणारे याच कारणाने बुडतात. करारात कच्च्या मालाच्या दराशी जोडलेली किंमत लिहूनच घ्या.

ग्लासवूल पॅक करताना पाच-सहा पट किंवा जास्तही दाबता येते आणि सोडल्यावर ते पुन्हा फुलते, त्यामुळे त्याची वाहतूक स्वस्त पडते. रॉकवूल तितके दबत नाही. पण दोन्हींची भट्टी मोठी. काचेसाठी १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास, दगडासाठी १,५०० च्या आसपास तापमान लागते. काचेची भट्टी तर एकदा पेटवली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत. मागणी पडली तरी इंधन जळतच राहते. ज्याच्यामागे मोठा, खात्रीचा बाजार आहे त्यानेच तिकडे वळावे.

नव्या, मध्यम भांडवलाच्या माणसासाठी थर्माकोलचा उंबरठा सर्वांत खाली आहे: प्री-एक्सपांडर (मणी वाफेने फुगवणारे यंत्र), बॉयलर, सायलो (मणी ठेवायची कोठी), ब्लॉक मोल्ड (ब्लॉकचा साचा) आणि हॉट वायर कटर (तापलेल्या तारेने कापणारे यंत्र). उंबरठा खाली, म्हणूनच तिथे भावाची मारामारीही सर्वांत जास्त. साधे बोर्ड विकून नफा उरत नाही. तो उतार कापलेल्या गच्चीच्या बोर्डांत, पाइपच्या अर्धगोलांत, खाचा पाडलेल्या दर्शनी पॅनेलांत आणि लावून देण्याच्या सेवेत आहे. कातरकामाचे रेखाचित्र स्वतः करणारा कारखाना ठेकेदार सहसा सोडत नाही.

प्रश्न: बाजारात एकाच जाडीचे थर्माकोल बोर्ड वेगवेगळ्या भावाने मिळतात. दिसायला सारखेच असतात. फरक ओळखायचा कसा?

उत्तर: वजनकाट्यावर. १ मीटर × ०.५ मीटर × १०० मिलिमीटरच्या बोर्डाचे आकारमान ०.०५ घनमीटर. घनता १८ असेल तर वजन ९०० ग्रॅम, १२ असेल तर ६००. या तीनशे ग्रॅममध्येच बहुतेक सगळी ‘सवलत’ लपलेली असते. बोर्ड कोरडा असताना वजन करा, ओला बोर्ड खोटे वजन दाखवतो. मग एक तुकडा मोडून पाहा. मोड मण्यांच्या आरपार गेली असेल तर मणी नीट वितळून चिकटले आहेत. मणी अख्खे सुटे होऊन पडत असतील तर वाफ कमी पडली किंवा मणी शिळे होते. असा बोर्ड पाणी जास्त पितो आणि खिळा धरत नाही.

प्रश्न: आमचा थर्माकोलचा कारखाना आहे. बाहेरच्या भिंतीला बोर्ड चिकटवून वर जाळी आणि पातळ प्लास्टर करणाऱ्या ठेकेदारांकडून तक्रार येते, की काही आठवड्यांत सांध्यांवर तडे दिसतात. दोष आमचा की त्यांचा?

उत्तर: बहुतेक वेळा दोघांचाही थोडा थोडा असतो, आणि तड्याच्या आकारावरून तो वेगळा काढता येतो. तडे बोर्डांच्या रांगा दाखवत सरळ जात असतील तर बोर्ड आकसले आहेत किंवा जाळीचा जोड तिथे तुटला आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघाले असतील तर कोपऱ्यावर तिरकी जाळी घातलेली नाही. नकाशासारखे सगळीकडे पसरले असतील तर प्लास्टर उन्हावाऱ्यात फार लवकर वाळले. पहिल्या प्रकारात तुमच्याकडे पाहावे लागेल.

ताजा ब्लॉक आकसतो, ते थांबवता येत नाही; वाट मात्र पाहता येते. मण्यांत सुरुवातीला ४ ते ७ टक्के पेंटेन, म्हणजे त्यांना फुगवणारे द्रव्य, असते. वाफेने मणी फुगतात, थंड होताना आतली वाफ आणि पेंटेन निवून द्रव होतात आणि मण्याच्या आत पोकळी राहते. तिथे हवा शिरायला वेळ लागतो. म्हणून फुगवलेले मणी जाळीच्या सायलोत साधारण १२ ते ४८ तास ठेवायचे. घनता जितकी कमी, तितके मणी नाजूक आणि तितकी घाई महागात पडते. लवकर वापरले तर ब्लॉकच्या बाजू आत ओढल्या जातात. फार उशीर केला तर पेंटेन उडून जाते आणि मणी एकमेकांना धरत नाहीत. ही दोन्ही टोके सांभाळण्यासाठी प्रत्येक सायलोवर फुगवल्याची तारीख-वेळ लिहिलेली पाटी हवी. इतकी साधी गोष्ट कितीतरी कारखान्यांत नसते.

ब्लॉक बाहेर आल्यावरही पेंटेन आणि पाणी निघतच राहते. युरोपातील ईएन १३१६३ मानकात सामान्य तापमानाला मापातला बदल ०.५ टक्क्यापर्यंत चालणारा एक वर्ग आहे आणि ०.२ टक्क्यापर्यंतचा दुसरा. १ मीटरच्या बोर्डात हा फरक ५ मिलिमीटर विरुद्ध २ मिलिमीटर. दर्शनी भिंतीला दुसराच वर्ग लागतो. त्यासाठी माल साध्या हवेत चार ते सहा आठवडे मुरवावा, किंवा गरम खोलीत ५०-६० अंशांवर ठेवून हा काळ कमी करावा. गोदामात जागा नाही म्हणून दहाव्या दिवशी पाठवलेला बोर्ड उरलेले आकसणे ठेकेदाराच्या भिंतीवर पुरे करतो. कातरणांचा चुरा परत मिसळायचा असेल तर थोडाच, दहा टक्क्यांच्या आसपास; त्यापुढे मण्यांची पकड ढासळते.

आता ठेकेदाराचे. फक्त मधोमध मसाल्याचे गोळे लावले की बोर्डाच्या कडा मोकळ्या राहतात आणि उन्हा-थंडीत गादीसारख्या वर-खाली होतात. कडेने सलग पट्टा आणि मध्ये तीन गोळे, मिळून किमान ४० टक्के क्षेत्र चिकटले पाहिजे. उभे सांधे विटांसारखे सरकवून घ्यावेत आणि खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा येऊ देऊ नये. फट राहिली तर थर्माकोलची पट्टी किंवा कमी फुगणारा फेस भरावा, मसाला कधीच नाही. मसाला भरलेली प्रत्येक फट उष्णतेला वाट देते आणि ओल्या दिवसांत भिंतीवर रेघ म्हणून उमटते. जाळी चौरस मीटरला १६० ग्रॅमच्या आसपासची, जोडावर १० सेंटिमीटर एकमेकांवर चढवलेली आणि मसाल्याच्या थरात बाहेरच्या बाजूला बुडवलेली हवी. बोर्डाला टेकलेली जाळी काहीच काम करत नाही.

राखाडी, ग्रॅफाइट मिसळलेला बोर्ड देत असाल तर वेगळी सूचना छापा. त्याचा लॅम्डा ०.०३१-०.०३२ पर्यंत उतरतो, पण काळसर रंगामुळे तो उन्हात तापून वाकतो आणि ओल्या मसाल्यापासून सुटतो. परांचीला सावलीची जाळी बांधल्याशिवाय तो लावू नये.

प्रश्न: आम्ही पफ पॅनेल बनवतो. ब्लोइंग एजंट (फेस फुगवणारा वायू) बदलावा लागणार आहे. सायक्लोपेंटेनकडे जावे की एचएफओकडे (हायड्रोफ्लोरोओलेफिन)?

उत्तर: ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापासून हा उद्योग एका वायूवरून दुसऱ्यावर उडी मारत आला आहे. सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) गेले, मग एचसीएफसी १४१बी आले. त्यानेही ओझोनची हानी होते म्हणून तेही काढायचे ठरले. त्यानंतरचे एचएफसी ओझोनला निरुपद्रवी, पण त्यांतला २४५एफए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापमानवाढ करतो. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने तेही कमी करायचे आहेत. पुन्हा पुन्हा खर्च टाळायचा तर निवड एकदाच विचारपूर्वक करावी.

सायक्लोपेंटेन स्वस्त आहे आणि तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य. पण ते पेट घेते: हवेत दीड टक्क्याच्या आतच त्याची वाफ स्फोटक होते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचते. गॅस सेन्सर छताला लावलेले कारखाने आढळतात; ते निरुपयोगी आहेत. सेन्सर आणि हवा ओढणाऱ्या नळ्या जमिनीलगत, साच्याखाली आणि खड्ड्यांत हव्यात. टाकीवर नायट्रोजनचे आवरण, सगळ्या धातूला अर्थिंग, त्या पट्ट्यात स्फोटरोधक मोटारी आणि दिवे, आणि सेन्सर वाजताच मिश्रणयंत्र आपोआप बंद होईल अशी जोडणी. हे सगळे धरून भांडवली खर्च येतो. शिवाय पॉलिऑलमध्ये ते मर्यादेपर्यंतच विरघळते. ढवळणे थांबले की थर सुटू शकतो आणि पहिल्या पॅनेलला एक फेस, शेवटच्याला दुसरा मिळतो.

एचएफओने फेसाचा लॅम्डा थोडा आणखी उतरतो आणि यंत्रसामग्रीत फारसा बदल लागत नाही, पण रसायन महाग. काही एचएफओ पॉलिऑलमधल्या अमाइन उत्प्रेरकांशी हळूहळू अभिक्रिया करतात. तयार मिश्रण महिन्या-दोन महिन्यांनी वापरले तर फेस उठायला उशीर लागतो, पेशी, म्हणजे फेसातले बारीक कप्पे, फाटतात. पुरवठादाराकडून साठवणकाळ लेखी घ्या आणि प्रत्येक पिंप उघडताना कपात थोडा फेस उठवून क्रीम टाइम (फेस फुगू लागायचा वेळ) आणि जेल टाइम (तो घट्ट होऊ लागायचा वेळ) मोजा. फ्लोरिनयुक्त वायूंवर पुढेही नियमांची नजर राहणार, हेही धरून चाला.

आमचे मत: सलग चालणारी, मोठ्या उत्पादनाची लाइन असेल तर सायक्लोपेंटेनच. दिवसाला मोजके पॅनेल होत असतील किंवा जागेवर जाऊन फवारणी करायची असेल तर एचएफओ. नुसत्या पाण्यावर फेस उठवता येतो, पण त्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पेशींतून लवकर निसटतो, लॅम्डा चढतो आणि एमडीआय जास्त लागते.

प्रश्न: प्रत्येक कंपनीचा प्रतिनिधी स्वतःचा आकडा सर्वांत चांगला म्हणून सांगतो. एक जण तर इन्सुलेशनचा रंग विकतो आणि अर्ध्या मिलिमीटरने काम भागेल म्हणतो. विक्रेत्याने काय विचारावे?

उत्तर: तीन गोष्टी विचाराव्यात. आकडा कोणत्या सरासरी तापमानाला मोजला (बहुधा १० किंवा २४ अंश), कोणत्या पद्धतीने, आणि ताज्या मालाचा की मुरलेल्या? पीआयआरचा लॅम्डा कारखान्यातून निघताना ०.०२० च्या खालीही असू शकतो. पण वर्षे जातील तशी पेशींतला वायू बाहेर आणि हवा आत येते. युरोपीय मानकाप्रमाणे जाहीर करायचा आकडा २५ वर्षांची झीज धरून असतो, म्हणून तो ०.०२२ किंवा जास्त दिसतो. ज्याने ताजा आकडा छापला तो कागदावर जिंकतो आणि भिंतीत हरतो.

रंगाचे गणित करून पाहा. रोध म्हणजे जाडी भागिले लॅम्डा. रंगाला स्थिर हवेइतका लॅम्डा आहे असे उदारपणे मानले तरी ०.०००५ भागिले ०.०२५ म्हणजे ०.०२. पन्नास मिलिमीटर ग्लासवूलचा रोध १.४३, म्हणजे सत्तरपट. पांढरा परावर्तक रंग उन्हातल्या छतावर खरोखर उपयोगी आहे, कारण तो ऊन परत फेकतो. ढगाळ दिवशी, रात्री, सावलीतल्या भिंतीवर त्याचा रोध शून्यासारखाच. गिऱ्हाइकाला हा फरक सांगून रंग विकावा.

जाडीचेही असेच. २३० मिलिमीटरच्या विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, सुमारे २ वॅट उष्णता जाते. याला यू-मूल्य म्हणतात. ०.०३५ लॅम्डाचा माल ५० मिलिमीटर लावला तर ते ०.५२ होते, १०० लावला तर ०.३०, १५० लावला तर ०.२१. पहिल्या पन्नासात जे मिळते त्याच्या सातव्या भागाइतकेच दुसऱ्या पन्नासात मिळते. तरीही दुसरा थर बऱ्याचदा परवडतो, कारण मजुरी, परांची आणि प्लास्टर तेच असते, फक्त माल वाढतो. ‘जितके जाड तितके चांगले’ म्हणणाऱ्यालाही आणि ‘पंचवीस पुरे’ म्हणणाऱ्यालाही हा तक्ता दाखवा.

प्रश्न: उंच इमारतींच्या दर्शनी भागांना लागलेल्या आगींनंतर फेसाचे इन्सुलेशन वापरूच नये काय?

उत्तर: १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जणांचा जीव गेला. बाहेरच्या अॅल्युमिनियम पॅनेलांचा गाभा पॉलिएथिलीनचा होता. आग मुख्यतः त्याने पसरवली. मागे बहुतेक पीआयआर इन्सुलेशन होते आणि मध्ये पोकळी. जळणारे आवरण, जळणारे इन्सुलेशन आणि धुराड्यासारखी पोकळी हे तिन्ही एकत्र आले. पुढच्या वर्षी इंग्लंडने १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतीत ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी घातली. चौकशीच्या २०२४ च्या अंतिम अहवालात मालाच्या चाचण्या आणि जाहिरात यांत पद्धतशीर अप्रामाणिकपणा झाल्याचा ठपका उत्पादकांवर आहे. या उद्योगाने ही गोष्ट कधीही हलक्यात घेऊ नये.

उंच इमारतीत, रुग्णालयात, जिन्याभोवती आम्ही रॉकवूलच सुचवू. त्याची किंमत जागेत मोजावी लागते: ०.०२२ च्या १०० मिलिमीटर पीआयआरइतका रोध मिळवायला ०.०३५ चे रॉकवूल सुमारे १६० मिलिमीटर लागते आणि वजनही कितीतरी वाढते, म्हणून अँकर आणि ब्रॅकेट नव्याने मोजावे लागतात. बुटक्या इमारतीत फेस चालतो, पण प्रमाणपत्र नुसत्या बोर्डाचे नको. बोर्ड, चिकटवण, जाळी, पोकळी, आवरण अशा पूर्ण रचनेची चाचणी मागा. बीएस ८४१४ किंवा एनएफपीए २८५ या तशा चाचण्या आहेत. एकाही घटकाचा ब्रँड किंवा जाडी बदलली की ते प्रमाणपत्र तुमच्या भिंतीला लागू राहीलच असे नाही. ‘तत्सम’ या एका शब्दावर खरेदी विभाग माल बदलतो आणि सगळी चाचणी वाया जाते. मजल्यागणिक पोकळी अडवणारे पट्टे आणि खिडक्यांवर रॉकवूलची पट्टी नकाशात दाखवा आणि झाकण्याआधी त्यांचे फोटो घ्या.

बांधकाम चालू असतानाही उघडा फेस आणि वेल्डिंगची ठिणगी एका मजल्यावर येऊ देऊ नका. पफ आणि पीआयआरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

प्रश्न: गच्चीवर वॉटरप्रूफिंगखाली इन्सुलेशन घातले होते. दोन वर्षांत खोली पुन्हा तापू लागली. माल खराब निघाला का?

उत्तर: बहुधा तो भिजला. पाण्याचा लॅम्डा स्थिर हवेच्या चोवीसपट. कप्प्यांत पाणी शिरले की इन्सुलेशन उरतच नाही. खाली न वाळलेला उताराचा थर आणि वर वॉटरप्रूफिंग असेल तर मधली ओल वर्षानुवर्षे तिथेच राहते. दोन-तीन ठिकाणी गोल तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये कमी तापमानावर वाळवून पुन्हा करा. भिजलेले निघाले तर काढण्यावाचून इलाज नाही.

नव्याने करताना उलटी रचना करा: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर खाचेच्या कडांचा एक्सपीएस, त्यावर पाणी झिरपू देणारे कापड, मग खडी किंवा फरश्या. एक्सपीएस एकाच थरात हवा. दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा साचतो आणि वरचा थर वाफ पिऊन जड होतो. पन्नास मिलिमीटरच्या बोर्डावर निदान तेवढीच खडी हवी, कारण पाणी जायचे तोंड तुंबले की बोर्ड तरंगतात. सॉल्व्हंट असलेले डांबरी चिकटवण पॉलिस्टायरिनला विरघळवते. पीव्हीसीची चादर थेट त्याला टेकली तर तिच्यातला मऊपणा देणारा घटक निघून ती कडक होते. मध्ये फ्लीसचे कापड घालायला विसरू नका.

प्रश्न: कागदाचा लगदा, लाकडाचे तंतू, पेंढा यांपासून केलेल्या मालाला खरेच भवितव्य आहे का?

उत्तर: आहे. निसर्गाच्या नावावर मात्र तो खपणार नाही. लाकूडतंतूंच्या बोर्डाचा लॅम्डा ०.०३८ ते ०.०५०, म्हणजे तेवढ्या रोधाला जाडी जास्त लागते. पण त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद रॉकवूलच्या सुमारे दुप्पट आणि घनताही जास्त, म्हणून पत्र्याच्या किंवा लाकडी छताखाली दुपारची झळ काही तास उशिरा आणि मंदावून पोचते. गरम हवामानात याची मागणी वाढायला हवी.

लहान उद्योगासाठी सर्वांत सुलभ माल कागदाचा सेल्युलोज. रद्दी दळायची, बोरेटसारखे आग आणि कीड रोखणारे क्षार मिसळायचे, पोती भरायची. चूक होते ती लावताना. छतावर सैल पसरलेला सेल्युलोज कालांतराने खाली बसतो, वीस टक्क्यांपर्यंतही. म्हणून जाडी बसल्यानंतरची मोजून पोती ठरवावीत. भिंतीच्या पोकळीत घनमीटरला ५० ते ६० किलोने दाबून भरला नाही तर वर रिकामी पट्टी पडते. दुसरी अडचण कच्च्या मालाची: छापील वर्तमानपत्रे कमी होत आहेत आणि पुठ्ठ्याचा तंतू वेगळा वागतो, त्यासाठी क्षारांचे प्रमाण नव्याने तपासावे लागते.

पेंढा साठवताना ओल १५ टक्क्यांच्या आत ठेवली नाही तर बुरशी ठरलेली. पीक हंगामात येते आणि मागणी वर्षभर असते, तेव्हा भांडवल यंत्रापेक्षा कोरड्या गोदामात अडकते. अशा मालाचा खरा अडसर म्हणजे दर खेपेला आकडा बदलतो. हीट फ्लो मीटर हे लॅम्डा मोजणारे यंत्र कारखान्यात ठेवून रोज नमुना मोजणारा उत्पादक वास्तुरचनाकारांना दहा वर्षांची नोंद दाखवू शकेल. मोठे गिऱ्हाईक अशा नोंदीवर उभे राहते.

प्रश्न: अनुदान योजना आली की मागणी एकदम वाढते. कुशल माणसे मिळत नाहीत. काय खबरदारी घ्यावी?

उत्तर: ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये घरांच्या छतांना इन्सुलेशन करायची योजना काढली. दहा लाखांहून जास्त घरांत काम झाले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली, कारण काम करताना चार तरुण मेले: तिघे विजेच्या धक्क्याने, एक छताखालच्या उष्णतेने. चकाकणारी फॉइल धातूच्या स्टेपलने ठोकताना स्टेपल वीजवाहिनीत घुसणे हे त्यातले एक कारण. छताखाली शिरण्याआधी मेन स्विच बंद आणि कुलूपबंद, धातूचे स्टेपल वर्ज्य, दिव्यांच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या भोवती मोकळी जागा, एकट्याने आत जायचे नाही, काम सकाळी. इतके नियम लिहून घेतल्याशिवाय माणूस पाठवू नका.

फेसाची फवारणी करणाऱ्यांना आयसोसायनेटची (एमडीआय त्याच गटातले) कायमची अॅलर्जी होऊ शकते. एकदा दमा जडला की पुन्हा त्या रसायनाजवळ जाता येत नाही. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून ही रसायने हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. नियम असो वा नसो, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा द्या. बंद पेशींचा फेस एका वेळी ५० मिलिमीटरहून जाड मारू नका. आत साचलेल्या उष्णतेने तो जळकट होतो, क्वचित पेटतोही. दोन रसायनांचे प्रमाण चुकले की महिनोन्महिने वास येतो आणि सगळे खरवडून काढावे लागते.

प्रशिक्षणाचा खर्च कसा निघतो तेही पाहा. इन्सुलेशन केलेल्या भिंतीचे यू-मूल्य ०.३० आणि उघड्या भिंतीचे २.०. कामगाराने फक्त तीन टक्के भाग सोडला, सांधे, पाइपांच्या मागची जागा, तुळईच्या कडा, तर सरासरी ०.३५ होते. तीन टक्क्यांच्या हयगयीने गळती सतरा टक्के वाढली. ती गिऱ्हाइकाच्या थर्मल कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते आणि दोष तुमच्या मालावर येतो.

प्रश्न: जुन्या इमारती पाडताना निघालेले थर्माकोल परत वापरता येईल का?

उत्तर: आधी त्याचे वय विचारा. पूर्वी आग रोखायला त्यात एचबीसीडी हे ब्रोमिनयुक्त रसायन घालत. २०१३ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत आले. असा माल दळून नव्या बोर्डात मिसळू नये. तो वेगळा ठेवून, जिथे हे रसायन नष्ट होते अशा भट्टीत किंवा ते वेगळे काढणाऱ्या प्रक्रियेत पाठवावा. नव्या मालाची स्वच्छ कातरणे मात्र सोने आहे: दाबयंत्रात घट्ट केली की एका ट्रकमध्ये अनेक ट्रकांचा माल मावतो. कारखान्यातून बोर्ड उतरवून परतणाऱ्या रिकाम्या गाडीत बांधकामावरची कातरणे गोणीत भरून आणा. मसाला, माती आणि टेप लागलेले तुकडे तिथेच वेगळे करायला लावा, कारण एका गोणीतल्या सिमेंटच्या खड्याने चुरा करणाऱ्या यंत्राची पाती बोथट होतात.